पेटारा कोणाचा?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील जत्रांना दशावतारी मंडळी येते, तेव्हा तिच्यासोबत पेटारा येतो. त्यात गणपतीचा मुखवटा असतो, किरीट, शस्त्रे आणि वस्त्रे असतात. खेळापूर्वी त्याची पूजा होते. आज जो किरीट दुर्योधनाने धारण केला तोच उद्या कंसाच्या मस्तकी दिसतो, म्हणून कोणी प्रेक्षक उठून जात नाही. लिखित संहिता नसते. आख्यान ठरले की नट आपल्या वाणीने ते उभे करतात. साहित्य जुने, खेळ मात्र नवा.

या पेटाऱ्याची आठवण होण्यास एक निमित्त घडले. कारापूरचे विठ्ठलापूर आणि वाळवंटीचा काठ पार्श्वभूमीस घेऊन आम्ही काही जणांनी संगणकावर एक लहान अ‍ॅनिमेशनपट केला. त्यातील संकासुराची आकृती, तिच्या आतला सांगाडा, प्रत्येक सांध्याची हालचाल बसविण्यात कित्येक आठवडे गेले. पुढे दुसऱ्या एका गटाने आपल्या चित्रपटासाठी तो संकासुर मागितला. आम्ही नकार दिला. कष्ट आमचे आणि आयते फळ त्यांना, हे आमच्या मनास रुचले नाही. तो नकार योग्य होता काय, हाच या लेखाचा प्रश्न आहे.

एकदा काढलेले पुन्हा वापरणे हा आळस आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण डिस्नेच्या १९७३ च्या 'रॉबिन हूड' मधील नृत्याच्या काही हालचाली त्याच संस्थेच्या १९३७ च्या 'स्नो व्हाइट' आणि १९६७ च्या 'जंगल बुक' मधील रेखाटनांवरून घेतल्या होत्या. हे अर्थात घरातल्या घरातले देणेघेणे झाले. घराबाहेरची देवघेव पाहायची तर ब्लेंडर या प्रणालीकडे पाहावे. २००२ साली तिच्या चाहत्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून ती सर्वांसाठी मुक्त करून घेतली. पुढे ब्लेंडर फाउंडेशनने २००८ साली 'बिग बक बनी' हा लघुपट प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील पात्रे, झाडे आणि दृश्ये यांच्या मूळ फाइलीही लोकांच्या हाती दिल्या. अट इतकीच, की कर्त्याचा नामनिर्देश व्हावा.

या प्रणालीत दुसऱ्या प्रकल्पातील वस्तू आणण्याचे दोन मार्ग आहेत. एकात तिची प्रत आपल्या फाइलीत उतरते आणि मुळाशी तिचे नाते संपते. दुसऱ्यात ती मुळाशी जोडलेली राहते. मुळात दुरुस्ती झाली की सर्व ठिकाणी ती दिसते, मूळ फाइल हलविली की वस्तूही नाहीशी होते. उसनवारीचे हे दोन स्वभाव आम्हांस मानवी व्यवहारातही दिसतात. प्रत घेणारा मोकळा होतो. जोडून घेणारा ऋणात राहतो, पण मुळाच्या सुधारणेतही वाटेकरी होतो.

आता संकासुराकडे वळू. त्याचा अपराध कोणता? त्याने ब्रह्मदेवाचे वेद पळविले, आणि त्यामुळे ते इतरांस अप्राप्य झाले. फाइलीचे तसे नाही; ती दिल्याने देणाऱ्याची कमी होत नाही. मग येथे चोरी ती कोणती? कर्त्याचे नाव पुसणे ही एक, आणि सर्वांच्या ठेव्यातून घेतलेले स्वतःपाशी कोंडून ठेवणे ही दुसरी. आमच्या संकासुराचा काळा वेष आम्ही कल्पिला नव्हता. तो कित्येक पिढ्यांच्या नटांनी आम्हांस दिला होता. त्यांपैकी एकाचेही नाव आमच्या श्रेयनामावलीत नव्हते! दुसऱ्याच्या हाती दोष दाखविण्यापूर्वी हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्याची उपजीविका अशा आकृतींवर चालते, त्याने त्या फुकट द्याव्यात असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे? द्यावे की विकावे, हे ठरविण्याचा अधिकार करणाऱ्याचाच. तसेच सर्वच वस्तू सर्वत्र शोभत नाहीत. ज्या मुखवट्याची पूजा होते त्याची प्रतिकृती साबणाच्या जाहिरातीत नाचली, तर परवाना असूनही औचित्य राहणार नाही. परवाना कायद्यापुरता पाहतो. औचित्य घेणाऱ्यालाच सांभाळावे लागते.

आमचा नकार मात्र उपजीविकेसाठी नव्हता, औचित्यासाठीही नव्हता. तो केवळ मत्सर होता. हे उमगल्यावर आम्ही ती फाइल त्या गटाकडे पाठविली. सोबत दोन विनंत्या केल्या: श्रेयनामावलीत आमच्या आधी दशावतारी नटांच्या परंपरेचा उल्लेख करावा, आणि संकासुराच्या चालीत काही सुधारणा केली तर ती आम्हांसही कळवावी. त्याची उजव्या पायाची ढब आम्हांस अखेरपर्यंत साधली नव्हती.