लंगडा घोडा आणि बंद पडलेला फ्रीज



गेल्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळची मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक आजी मला भेटायला आल्या. (हे पापनिवेदनात नव्हे, पडवीत बोललेले आहे; आणि त्यांना विचारूनच मी ते लिहितो आहे.) बराच वेळ इकडचे तिकडचे झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "फादर, बिघडलेली वस्तू न सांगता विकली तर पाप लागते काय?"

"काय विकता आहात?" मी विचारले.

"फ्रीज," त्या म्हणाल्या, आणि मग सगळी हकीकत बाहेर पडली.

नाताळच्या तोंडावर घेतलेला फ्रीज सातव्या महिन्यात थंड होईनासा झाला. वॉरंटी वर्षाची होती. कंपनीचा मेकॅनिक आला, गॅस भरून गेला. दीड महिना फ्रीज चालला, पुन्हा बंद. पुन्हा मेकॅनिक, पुन्हा गॅस. असे तीनदा झाले. चौथ्यांदा फोन केला तेव्हा वॉरंटी संपून तीन आठवडे झाले होते. आता आतली कॉईल बदलावी लागेल, खर्च नऊ हजार, त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवा घ्या, असे उत्तर मिळाले. दुकानदाराने हात वर केले: "आमचे काम विकायचे, दुरुस्ती कंपनीकडे." मग मुलाने वाट शोधली. शेजारच्या चाळीत भाड्याने राहणारा, औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक माणूस जुना फ्रीज शोधत होता. सात हजारांना सौदा ठरला. विकण्याआधी एकदा गॅस भरून घ्यायचा. महिनाभर तरी छान थंडगार चालेल. पुढचे पुढे.

"आम्हाला फसवलेच आहे ना फादर," आजी म्हणाल्या. "मग आम्ही एकट्यानेच का नुकसान सोसायचे?"

हा प्रश्न मला वाटला तेवढा सोपा निघाला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा थिओलॉजिया'मधील खरेदी-विक्रीतील फसवणुकीचे प्रकरण आम्हाला अभ्यासाला होते. दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील तो सत्त्याहत्तरावा प्रश्न. लंगडा घोडा चपळ म्हणून विकणे, मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकणे, नासलेले अन्न चांगले म्हणून विकणे, अशी त्यात उदाहरणे आहेत. आम्ही विशीतली मुले मागच्या बाकावर हसायचो. आम्हाला कोण घोडा विकणार होते? आज वाटते, हसण्याऐवजी नीट वाचले असते तर बरे झाले असते, कारण तेराव्या शतकातील त्या पानांत आजींच्या फ्रीजविषयी बरेच काही आहे.

संत थॉमस सुरुवातच अशी करतात की खरेदी-विक्री ही दोघांच्या हितासाठी निर्माण झाली. तुझ्याकडचे मला हवे, माझ्याकडचे तुला हवे. म्हणून तिचा भार एकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडता कामा नये. मग ते वस्तूतील दोष तीन प्रकारचे सांगतात: वस्तू मुळात सांगितली तीच नसणे, मापात कमी असणे आणि गुणात कमी असणे. हे माहीत असून विकले तर ती फसवणूक, आणि झालेले नुकसान भरून दिलेच पाहिजे.

पण त्यापुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. विकणाऱ्याला दोष माहीतच नसेल तर? तर त्याच्याकडून पाप घडलेले नाही, असे संत थॉमस म्हणतात. मात्र दोष कळल्या क्षणापासून घेणाऱ्याचे नुकसान भरून देण्यास तो बांधील आहे.

पाप नाही, तरी देणे आहे. आपण या दोन गोष्टींची नेहमी गल्लत करतो. "माझी काय चूक?" असे म्हटले की आपण सुटलो, असे आपल्याला वाटते. कंपनीही तेच म्हणते, दुकानदारही तेच म्हणतो. दुकानदाराने तर फ्रीजचे खोके उघडूनही पाहिले नव्हते, त्याची खरोखरच चूक नसेल. पण त्याने पैसे थंड करणाऱ्या फ्रीजचे घेतले आणि आजींच्या घरी थंड न करणारे कपाट आले. या दोहोंतील फरक कुणाकडे तरी बाकी आहे. तो आजींकडे नाही, एवढे नक्की.

गॅसबद्दल थोडे सांगतो. मला यंत्रांतले फारसे कळत नाही, पण रेफ्रिजरेशनचे काम करणाऱ्या आपल्यातीलच एका गृहस्थांनी समजावून सांगितले. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणे. म्हणजे तीनदा जी 'दुरुस्ती' झाली ती दुरुस्ती नव्हतीच. वॉरंटीचे दिवस मात्र त्यात सरले. ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये सातव्या आज्ञेखाली चोरीचे जे प्रकार दिले आहेत त्यांत धंद्यातील लबाडी आहे, कमी मजुरी देणे आहे, आणि त्याच यादीत वाईट केलेले कामही आहे. आपल्यातील कितीतरी जण हाताचे काम करतात: वायरमन, प्लंबर, मेकॅनिक, गवंडी. ती ओळ वाचून मी स्वतःही जरा चपापलो. आदल्या रात्री घाईघाईत लिहिलेले प्रवचन कोणत्या यादीत जाईल?

आता चाळीतल्या त्या माणसाकडे वळू. आजींचे म्हणणे होते की फसवणूक आम्ही सुरू केलेली नाही. खरे आहे. पण दोष लपवून फ्रीज विकला तर कंपनीचे देणे फिटत नाही. ते फक्त आजींच्या खांद्यावरून उतरून त्यांच्याहून गरीब खांद्यावर जाते. त्या माणसाकडे बिल नसेल, वॉरंटी कार्ड नसेल, भांडायला भाषा नसेल. ज्याच्याकडे काहीच कागद नाही तिथे जाऊन हा दोष थांबणार. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे रोज घडते. स्कूटर विकताना आपण ती धुऊन पुसून आणतो, इंजिन गरम करून ठेवतो. खोलीच्या भिंतीला ओल असेल तर रंग काढतो. दोष उघड दिसत असेल आणि किंमतही त्यानुसार कमी केली असेल तर तो मुद्दाम बोलून दाखवलाच पाहिजे असे नाही, असे संत थॉमस म्हणतात. लपलेला दोष मात्र सांगितलाच पाहिजे. गॅस भरून महिनाभर चालवलेला फ्रीज हा लपवलेलाच दोष.

मी हे सांगितल्यावर आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही सोसायचे. एक गाल मारला, दुसरा पुढे करायचा."

इथे मला थांबावे लागले. कारण "सोडून द्या, देव बघून घेईल" असे आम्ही धर्मगुरू पुष्कळदा म्हणतो, आणि ते पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या भल्यापेक्षा आमच्या सोयीचे असते. प्रभू येशूने क्षमा शिकवली. तोच प्रभू जक्कयच्या घरी उतरला, आणि जक्कयने उभे राहून ज्याला फसवले त्याला चौपट परत देण्याचे वचन दिले. प्रभूने त्याला "असू दे, क्षमा केली, पैसे ठेव" असे काही सांगितले नाही. स्वतःवरचा अन्याय धीराने सोसावा, पण देवावर आणि शेजाऱ्यावर होणारा अन्याय सोसू नये, असा भेद संत थॉमस यांनीही केला आहे. आजी नऊ हजार सोडून देतील, तो त्यांचा मोठेपणा. पण त्याच नमुन्याचा, त्याच ठिकाणी गळणारा फ्रीज उद्या आणखी कुणाच्या घरी जाणार आहे, त्याचे काय?

जुन्या करारात निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा कायदा आहे. बैलाने माणसाला शिंगाने मारले तर बैल मारावा, मालक निर्दोष. पण बैल पूर्वीपासून मारका असेल, तसे मालकाला बजावलेले असेल आणि तरीही त्याने त्याला आवरले नसेल, तर मालक अपराधी. सगळा फरक त्या बजावण्यात आहे. गावातल्या कुणीतरी मालकाच्या दारात जाऊन "तुझा बैल मारका आहे" असे सांगावे लागते. कुणीच सांगितले नाही तर मालक निर्दोष राहतो आणि पुढचा माणूस मरतो.

मला वाटते, लेखी तक्रार म्हणजे हेच बजावणे. तिच्यात सूड नाही, रागही असण्याची गरज नाही. तोंडी फोन विरून जातात. कागद मात्र राहतो, आणि त्यानंतर "आम्हाला माहीत नव्हते" असे म्हणण्याची सोय राहत नाही.

आपल्या देशाचा कायदाही आता संत थॉमस यांच्या बराच जवळ आला आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष वस्तूमुळे इजा किंवा इतर हानी झाली तर उत्पादकाने वॉरंटी देताना निष्काळजीपणा वा लबाडी केली नव्हती असे सिद्ध केले तरी तो जबाबदारीतून सुटत नाही, असे त्याचे ८४ वे कलम सांगते. पाप नाही, तरी देणे आहे, हेच कायद्याच्या भाषेत. खुद्द वस्तूच सदोष असेल तर दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे किंवा पैसे परत करणे, यांपैकी योग्य तो आदेश जिल्हा ग्राहक आयोग देऊ शकतो. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगून पाहावे, पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात. आणि वॉरंटी संपल्याचे काय? आजींची पहिली तक्रार वॉरंटीतच नोंदलेली आहे आणि तिन्ही वेळच्या पावत्या त्यांनी देवघराच्या खणात, जुन्या पाम संडेच्या झावळीखाली, जपून ठेवल्या आहेत. दोष वॉरंटीत निघाला, वॉरंटीत कळवला आणि कधी दुरुस्त झालाच नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून नीट सुटलेली नाही. दुरुस्तीचे हे देणे किती वर्षे चालते? कुणी पंधरा वर्षांपूर्वीचा मिक्सर घेऊन गेला आणि भाग मिळाला नाही, तर तो अन्याय म्हणता येणार नाही. वस्तू झिजतात, आपणही झिजतो. पण हल्ली काही वस्तू दुरुस्त होऊच नयेत अशा बांधलेल्या असतात. काही वॉशिंग मशीनचा ड्रम कायमचा जोडून बंद केलेला असतो, त्यामुळे एक साधे बेअरिंग गेले तरी सगळा ड्रम बदलावा लागतो. मोबाईलची बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. हे पाप आहे असे मी सरसकट म्हणणार नाही, त्यामागे तांत्रिक कारणेही असू शकतात. परंतु हे विकताना कुणी सांगत नाही, आणि दुकानात उभे राहून ते आपल्याला दिसतही नाही. मग हा लपलेला दोषच नव्हे काय? फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर, ती किती सहज दुरुस्त होते याचे दहापैकी गुण छापण्याची सक्ती केली. ज्याला स्वस्त पण न दुरुस्त होणारी घ्यायची त्याने खुशाल घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे त्यातले चार विभाग. आपल्यापैकी ज्यांच्या वाडीत पंप आणि पॉवर टिलर आहेत त्यांनी ते मुलांकडून उघडून घेऊन जरूर पाहावे.

तर त्या फ्रीजचे काय झाले? मुलगा आधी रागावला. मग स्वतःच चाळीत जाऊन त्या माणसाला खरे काय ते सांगून आला. त्या माणसाने तरीही फ्रीज मागितला, पाचशे रुपयांत, पिठाचे डबे उंदरांपासून सांभाळायला. पण तक्रार मिटेपर्यंत वस्तू हाताशी असलेली बरी, म्हणून तूर्त तो आजींच्या ओटीवर उभा आहे आणि त्यात त्यांचे कांदे-बटाटे आहेत. कंपनीला आणि दुकानदाराला पत्र गेले आहे. पत्राचा मसुदा करायला मी बसलो होतो. पहिल्या मसुद्यात मी अक्वायनस घातले होते, ते मुलाने खोडून टाकले. पोच आली आहे, उत्तर अजून यायचे आहे.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील दोन तरुण वकील सभागृहात बसणार आहेत. ज्यांच्या अशा तक्रारी असतील त्यांनी बिल, वॉरंटी कार्ड आणि मेकॅनिकच्या पावत्या घेऊन यावे. आणि ज्यांची दुकाने किंवा दुरुस्तीची कामे आहेत त्यांनीही यावे, त्यांची बाजूही ऐकायची आहे.

तुमचा,
फादर