अदृश्य होण्याची सोय

अद्भुतकथांवरचा ठरलेला आक्षेप म्हणजे ‘हा पलायनवाद आहे’. जे. आर. आर. टॉल्किन यांनी १९४७ मध्ये छापलेल्या निबंधात त्याला चोख उत्तर दिलं: तुरुंगातून निसटणारा कैदी आणि रणातून पळणारा सैनिक, या दोघांची टीकाकार गल्लत करतात. हे लिहिणारा माणूस १९१६ साली सोमच्या लढाईत होता. तिथून तो खंदकज्वराने आजारी होऊन परतला, आणि त्या महायुद्धात त्याचे जिवलग मित्र गेले. रणातून पळणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावायची गरज नव्हती.

त्यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये पळवाट नेमकी कुठे आहे? बहुतेक वाचक शेवटाकडे बोट दाखवतात: नायक फ्रोडो सगळं सोडून जहाजाने पश्चिमेला जातो. मला ती अंगठीतच दिसते. घातली की माणूस दिसेनासा होतो. तिचा आधीचा मालक बिल्बो ती नकोशा नातेवाइकांना टाळायला वापरतो. सुरुवात एवढी निरुपद्रवी. साठ वर्षांनी ती सोडायची वेळ येते तेव्हा तो आपला मित्र, जादूगार गँडाल्फ, याला सांगतो की अंगठी पाकिटात घालून शेकोटीवरच्या फळीवर ठेवली आहे, आणि ती सापडते त्याच्याच खिशात! मग जुन्या मित्रावरच तो खेकसतो. व्यसनी माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना हा प्रसंग अद्भुत वाटणार नाही.

ती अंगठी निव्वळ मनोनिग्रहाने सुटत नाही, हे कादंबरीने निष्ठुरपणे दाखवलं आहे. बिल्बोला गँडाल्फचा धाक आणि धीर दोन्ही लागतात. त्याच्यानंतर ती फ्रोडोकडे येते; ती नष्ट करायला निघालेला तो तर ऐन अग्निकुंडाच्या काठावर ती टाकायला नकार देतो. तिच्या मोहाने पछाडलेला गॉलम त्याचं बोट तोडून अंगठीसकट आगीत पडतो म्हणून ती नष्ट होते. वस्तूवरचं अवलंबित्व सोडवायला माणसांवर अवलंबून राहावं लागतं, आणि त्यात शत्रूचाही हात लागू शकतो.

पण सुटका झाली म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. पुढच्या वर्षी १३ मार्चला, वाटेत त्याला एका राक्षसी मादी कोळ्याने दंश केला होता त्याच तारखेला, शेतकरी कॉटनला फ्रोडो अंथरुणावर पडलेला दिसतो. गळ्यातलं पांढरं रत्न मुठीत घट्ट धरलेलं, आणि तोंडी हरवलेल्या अंगठीचा शोक. गावाला त्याचा पराक्रम ठाऊक नाही, आणि तोही आपलं दुखणं आपला सोबती सॅम याच्यापासून लपवतो. अंगठी गेली, तरी दिसेनासं होण्याची सवय उरलीच.

म्हणून फ्रोडोचं शेवटी जहाजाने जाणं वेगळं ठरतं. जाण्यापूर्वी तो घर सॅमच्या नावावर करतो आणि ग्रंथाची शेवटची पानं सॅमने लिहावीत म्हणून कोरी ठेवतो. मेरी आणि पिपिन हे मित्र बंदरावर निरोपाला येतात. पलीकडे अमरत्व नाही. जमल्यास मरणापूर्वी जखम भरावी, एवढीच आशा, असं टॉल्किननी पत्रांत लिहून ठेवलं आहे.

तेव्हा पलायन ओळखायचं ते माणूस किती दूर गेला यावरून नव्हे, कुणाला चुकवून गेला यावरून. हीच कसोटी वाचकालाही लागू आहे. दिवसभराच्या जाचानंतर काही तास टॉल्किनच्या मध्य-पृथ्वीत काढणाऱ्याला कुणी हसू नये. पण पुस्तकात डोकं खुपसून घरच्यांच्या हाकांना ओ देणंच जो बंद करतो, त्याने अंगठी बोटात घातली आहे. मग पुस्तक कितीही थोर असो.