मागे उरलेला वैद्य

गणेशगुडीला काळी नदीवरचे सुपा धरण पाहायला येणारी माणसे बहुधा भिंतीची उंची विचारतात. १०१ मीटर हे उत्तर येथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. जलाशयाची पूर्ण पातळी ५६४ मीटर. पाणी त्या खुणेच्या किती खाली आहे हे रोज मोजले जाते आणि दरवाजांचा निर्णय त्यावर ठरतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे मुक्कामाला आलेला एक मनोविकारतज्ज्ञ मित्र हे सारे ऐकून एवढेच म्हणाला, "तुमच्याकडे मोजपट्टी तरी आहे." त्याच आठवड्यात त्याच्या एका तरुण रुग्णाने आत्महत्या केली होती.

आपल्या समाजात नातेवाइकांच्या शोकाला जागा आहे. सुतक आहे, दहावा-तेरावा आहे, भेटायला येणारी माणसे आहेत. (आत्महत्येच्या घरी ती माणसेही जरा बिचकतच येतात, ही गोष्ट वेगळी.) उपचार करणाऱ्याच्या शोकाला मात्र अशी कोणतीही रीत नाही. बातमी कळते तेव्हा बाहेर बाकावर पुढचा रुग्ण बसलेला असतो. आणि हा अनुभव विरळा आहे असेही नव्हे. १९८८ साली अमेरिकेत २५९ मनोविकारतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यापैकी ५१ टक्के लोकांनी निदान एक रुग्ण अशा रीतीने गमावला होता. रॉबर्ट लिटमन या मनोविकारतज्ज्ञाने १९६५ मध्येच नोंदवून ठेवले होते की अशा प्रसंगी वैद्य आधी इतर कोणाही माणसासारखाच हादरतो, आणि वैद्य म्हणूनची त्याची निराळी वेदना त्याखेरीज असते.

सहकारी त्याला धीर देतात तो बहुधा एकाच वाक्याने: तुझी काही चूक नव्हती. या वाक्यामागे शास्त्राचे बळ आहे. पोकॉर्नी यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४८०० रुग्णांचा काही वर्षे मागोवा घेतला होता. त्यांतील ६७ जणांनी आत्महत्या केली. परंतु नेमके कोण करील हे आधी ओळखता येईल अशी कोणतीही कसोटी हाती लागली नाही. धोक्याची लक्षणे सांगता येतात, माणूस सांगता येत नाही. वाक्य खरेच आहे. तरीही माझ्या मित्राचे त्याने समाधान होत नव्हते, आणि ते होऊ नये असेच मला तेव्हा वाटले.

असे का वाटावे? बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली एका ट्रकचालकाचे उदाहरण दिले होते. त्याची काहीही चूक नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. आपण त्याची समजूत घालतो, घातलीच पाहिजे. पण तो फार लवकर निर्धास्त झाला तर आपल्यालाच कुठेतरी खटकते. दोष नसतानाही घटनेशी आपला संबंध होता याची जी बोच उरते, तिला विल्यम्सने अपराधीपणाहून वेगळे मानले. वैद्याचे दुःख मला या जातीचे वाटते. अर्थात वैद्य हा ट्रकचालक नव्हे. त्याने त्या माणसाचे जगणे महिनोन्‌महिने ऐकलेले असते. 'माझा काही संबंध नव्हता' असे तो म्हणू लागला, तर त्या ऐकण्याचे काय झाले?

या बोचेला एक दुसरे, फसवे रूपही आहे. 'मी त्या दिवशी अमुक विचारले असते तर तो वाचला असता' असे घोकत राहणे वरकरणी नम्र दिसते. वस्तुतः त्यात त्या रुग्णाच्या साऱ्या आयुष्याची किल्ली आपल्याच खिशात होती असा दावा दडलेला असतो. शिवाय त्याची किंमत पुढचे रुग्ण मोजतात. घाबरलेला वैद्य अवघड रुग्ण दुसरीकडे धाडू लागतो, ज्याला त्याला दाखल करून घेऊ पाहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाच्या इच्छेला जे वजन दिले आहे, ते अशा भीतीपुढे टिकत नाही.

उपाय म्हणून सहकाऱ्यांनी एकत्र बसून, न्यायनिवाडा न करता, घडलेले पुन्हा वाचावे असे सांगितले जाते. शल्यचिकित्सकांत ही प्रथा जुनी आहे. पण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार आपल्या देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता नव्हता, पाऊणच होता. आडगावच्या डॉक्टरने बसावे कोणाबरोबर? माझा मित्र बसला तो माझ्यासारख्या बिगरडॉक्टराच्या ओसरीवर, आणि रुग्णाचे नाव न घेता रात्री उशिरापर्यंत बोलत राहिला. मृत्यूनंतरही गुपित गुपितच असते, हे त्याने त्या अवस्थेतही सोडले नाही.

त्या घरी जावे की नाही, हा त्याचा खरा प्रश्न होता. वकिलाने नको म्हटले होते. मी जा म्हणालो, ते कितपत विचार करून म्हणालो कोण जाणे. तो गेला. कोणी त्याला दूषण दिले नाही, चहा पुढे आला. निघताना आईने तेवढे विचारले, "डॉक्टर, तो तुमच्यापाशी बोलायचा का हो?"

"बोलायचा," तो म्हणाला. काय बोलायचा, हे तिने विचारले नाही.