प्लॉट कुणाच्या नावाने?

सातवीच्या वर्गात सरळ व्याज शिकवत होते. आमच्या उर्दू माध्यमात त्याला ‘मुफरद सूद’ म्हणतात. मुद्दल, दर, मुदत फळ्यावर मांडून झाले आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘‘टीचर, सूद तर हराम आहे. अब्बा म्हणतात, पैसा प्लॉटमध्ये टाकून द्यावा, आपोआप दुप्पट होतो.’’ वर्गाने माना डोलावल्या. हसनबाग काय, नंदनवन काय, आमच्याकडे हे वाक्य घरोघरी ऐकू येते. मी गणित पुढे नेले, पण त्या ‘आपोआप’ने माझी पाठ सोडली नाही.

व्याज घेणारा काही न करता वाढ मागतो आणि सारा धोका कर्जदाराच्या गळ्यात घालतो, म्हणून ते निषिद्ध, असे आपण मुलांना सांगतो. व्यापारात मेहनत आहे, माल आहे, नुकसानीची जोखीम आहे, म्हणून तो हलाल. मग तारेचे कुंपण घालून दहा वर्षे गवत वाढू दिलेला 1500 चौरस फुटांचा तुकडा यात कुठे बसतो? फिक्हच्या दृष्टीने उत्तर अवघड नाही. जमीन ही खरी वस्तू आहे, तिचा भाव पडूही शकतो, तिची विक्री जायज. पण जे जे जायज ते ते मुलांना आदर्श म्हणून शिकवावे असे कुठे आहे? 11 डिसेंबर 2022 ला सीताबर्डी ते प्रजापतीनगर मेट्रो सुरू झाली. तिच्या आसपासच्या जमिनीला जी किंमत चढते ती प्लॉटधारकाच्या घामाने नाही, सर्वांच्या करातून चढते. आणि प्लॉट ‘टाकून’ ठेवणाऱ्याचा फायदा जितका वाढतो, तितकेच ऑटोरिक्षा चालवणाऱ्या त्याच्याच भावाचे घर लांब जाते. हा हिशेबही त्याच फळ्यावर मांडायला हवा.

आमच्या आधीच्या पिढीने प्लॉट घेतले ते राहण्यासाठी. किस्तीचे कार्ड खिशात, दरमहा ले-आऊटवाल्याकडे फेरी, आणि हाती काय, तर स्टॅम्प पेपर. शेतजमीन अकृषक झाली आहे का, नकाशा मंजूर आहे का, हे विचारायचे असते हेच ठाऊक नव्हते. 2001 चा गुंठेवारी कायदा अशाच लोकांसाठी आला. त्याने 1 जानेवारी 2001 पर्यंतचे तुकडे नियमित करण्याची वाट दिली, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. नागपूर सुधार प्रन्यासचे ‘आर.एल.’ हाती पडेपर्यंत कित्येकांचे केस पांढरे झाले. ज्या उम्मतीच्या ग्रंथातली सर्वांत मोठी आयत देणेघेणे लिहून ठेवण्याबद्दल आहे, तिने तोंडी शब्दावर आयुष्याची कमाई मोजावी, याला काय म्हणावे?

म्हणून मला वाटते, मुलाला प्लॉट दाखवायला नेण्याआधी कागद दाखवावा. सातबारा, फेरफार, आखिव पत्रिका. हे सारे मराठीत असते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी कशासाठी, असा प्रश्न पालकसभेत येतो, तेव्हा मी आता सातबाराच पुढे ठेवते. दादाजानना त्यांच्याच जमिनीवर कुणाचा बोजा चढला आहे हे नातीने वाचून दाखवावे, याहून चांगला धडा कोणत्या पुस्तकात मिळेल?

सूरह निसामध्ये अनाथांच्या मालमत्तेबद्दल सांगितले आहे, की त्यांना पारखत राहा, समज आलेली दिसली की त्यांचे त्यांना द्या आणि देताना साक्षीदार ठेवा. पारखायचे तर हाताळायला द्यावे लागते. हनफी फिक्ह समजत्या वयाच्या मुलाला पालकाच्या परवानगीने व्यवहार करू देते. घरात एखादी खोली भाड्याने असेल तर तिची वही मुलाकडे द्यावी. भाडे किती आले, नळ कितीला दुरुस्त झाला, कर किती भरला, हे त्याला कळू द्यावे. जकातीचा हिशेबही तिथेच शिकवता येतो. विकण्याच्या नियतने घेतलेल्या प्लॉटवर, हनफी मताप्रमाणे, दरवर्षी बाजारभावाने अडीच टक्के. राहण्यासाठी घेतला तर काही नाही. भाड्याच्या खोलीच्या किमतीवर नाही, साठलेल्या भाड्यावर. जमीन तीच, नियत बदलली की देणे बदलते. ‘‘हा प्लॉट आपण कशासाठी घेतला?’’ असे पोराने अब्बांना विचारले, की कित्येक घरांत जेवणाची पंगत शांत होईल.

के.डी.के. कॉलेजमुळे नंदनवनात खोल्या शोधणारी परगावची मुले नेहमीच दिसतात. नाव सांगताच ‘‘खोली गेली’’ हे उत्तर मी शिकत असताना, शहराच्या दुसऱ्या भागात, तीनदा ऐकले आहे. आज आपल्यातल्याच घरमालकांना ‘‘अमक्या बिरादरीचा नको’’ म्हणताना ऐकते, तेव्हा वाईट वाटते ते त्या नकाराचे नाही. शेजारी वही घेऊन बसलेला मुलगा तेही शिकत असतो.

आणि एक गोष्ट राहिलीच. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा वाटा अल्लाहने ठरवून दिला आहे. पण वडील गेले की बहिणींना रजिस्ट्री ऑफिसात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, ईदला साडी मिळते, आणि ती ‘खुशीने’ दिली असे म्हटले जाते. माहेर तुटू नये म्हणून दिलेल्या सहीला खुशी म्हणायचे का, हे मी मौलाना साहेबांना विचारले होते. त्यांनी बराच वेळ दाढीवरून हात फिरवला.

गेल्या महिन्यात मुलांना ‘आमच्या घरचा एक दिवस’ यावर लिहायला सांगितले. एका मुलीने लिहिले होते की रविवारी सगळे खरबीला प्लॉट पाहायला गेलो. अब्बांनी टेप धरायला भाईला सांगितले. मी आणि अम्मी झाडाखाली डबा उघडून बसलो. भाईजानचा प्लॉट फार छान आहे.

इमल्याच्या दोन चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या. शेवटच्या वाक्यावर पेन टेकवले आणि तास संपल्याची घंटा झाली तरी तसेच धरून बसले.