मुळेचं पाणी आणि वहिवाट

दोस्तहो, ‘हे पूर्वापार चालत आलंय’ असं कुणी म्हटलं की आपल्यातलेही गप्प बसतात. जे जुनं ते न्याय्य असतं काय? याचा विचार नदीपासून करू. नदीएवढी जुनी वहिवाट दुसरी कुणाची?

नांदे हे मुळशी तालुक्यातलं गाव, मुळा नदीच्या खोऱ्यातलं. मुळेला पाणी येतं कुठनं? ऊन समुद्रावर पडतं, वाफ होते, नैऋत्येचा वारा ती आणतो. सह्याद्रीला थडकून ती वर चढते, गार होते, कोसळते. काही पाणी जमिनीत मुरतं, काही झाडं परत हवेत सोडतात, उरलेलं नदी नेते. मुळा पुण्यात मुठेला मिळते, पुढं भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. तिथनं पुन्हा वाफ. वाफ होताना पाणी मीठसुद्धा समुद्रातच टाकून येतं. मग विटाळ कशावर बसून वर जाणार?

हजारो वर्षं मुळा पूर्वेला वाहिली. मग टाटांनी मुळशीला धरण घेतलं. 1921 ते 1924 मावळातले शेतकरी सेनापती बापटांसोबत सत्याग्रहाला उभे राहिले. तरी जमिनी बुडाल्या. 1927 साली धरणाचं पाणी सह्याद्रीवरनं खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. तिथनं ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. पैसा आणि सत्ता असली की नदीचीसुद्धा वहिवाट मोडता येते.

त्याच 1927 साली, त्याच कुलाबा जिल्ह्यात, 20 मार्चला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले. लगेच ‘वहिवाट मोडली’ म्हणून बोंब उठली. तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतल्या. सवर्ण कोर्टात गेले. ही वहिवाट अनादि असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही, म्हणून मुंबई हायकोर्टानं 1937 साली दावा फेटाळला.

सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईला गेली, तिच्यावर गिरण्या चालल्या. पण साच्यांच्या खात्यात आपल्या माणसाला मज्जाव. का, तर धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या थुंकीचा विटाळ! धरणातल्या पाण्यावर साचा चालतो, तोंडातल्या पाण्यानं बाटतो. 1928च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं टाकला.

म्हणजे एकाच सालात दोन वहिवाटी मोडल्या. दोन्ही सारख्या नव्हेत. मुळशीला ज्यांचं गेलं त्यांना कुणी विचारलं नाही. महाडला कुणाचा घोटभरही घास गेला नाही, तळं तेवढंच राहिलं, पिणारे वाढले. माझ्या मते मोडणाऱ्याची पारख इथंच होते. जुनं मोडलं की नाही, एवढ्यावर भागत नाही. मोडल्यावर कोण तहानलेला राहिला, ते विचारा.

पाणी उतारानं आपोआप येतं. हक्क तसा येत नाही. तुमच्या गावातल्या नळाची लाईन कुठनं सुरू होते, कुणाच्या दारात संपते, आणि शेवटच्या दारात पाणी किती वेळ येतं, एवढं आधी वहीत लिहून काढा. मग ग्रामसभेत उभे राहा.

जयभीम.