रोग्याच्या मनाचा ताप

व्याधि शरीराची, आधि मनाची. अमरकोशाने आधि म्हणजे मनाची व्यथा असे सांगून ठेवले आहे, आणि आपल्या बोलण्यातही ‘आधिव्याधि’ हा जोडशब्द आहेच. परंतु व्यवहारात पाहावे तो पहिल्या शब्दाची कोणी दादच घेत नाही. अंगात ताप भरला तर सारी आळी लोटते, काढा कोणता, वैद्य कोणता, सगळे सांगतात. मन भाजून निघाले तर? ते पुसणारा विरळा.

आमच्या पुसद भागात खर्ऱ्याने व तंबाखूने तोंडाचा कर्करोग पुष्कळांना जडला आहे. गळ्यात माळ आणि गालात खर्रा, अशी माणसे दिंडीतही दिसतात. असो. अशा रोग्याला नागपूर गाठावे लागते, नाही तर थेट मुंबईस परळला, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात. तेथे गाठ तपासतात, रक्त तपासतात, यंत्रात घालून हाडे पाहतात. मन पाहावयाचे यंत्र अजून कोणी केलेले नाही.

न्यूयॉर्कच्या जिमी हॉलंड नावाच्या डॉक्टर बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर एक साधी युक्ती काढली. १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. कागदावर तापमापकाचे चित्र. खाली शून्य, वर दहा. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्यावर रोग्याने खूण करावयाची. चार किंवा त्याहून वर खूण आली की पुढे नीट विचारपूस करावयाची. शेजारी काळज्यांची यादी असते, त्यात पैसा, घरची माणसे, भीती आणि देवाधर्माविषयीची तळमळसुद्धा. वेड, मनोरोग असले शब्द मुद्दाम टाळले, कारण त्यांची लाज तिकडेही वाटते.

कोणी म्हणेल, दुःख का कुठे मापाने मोजता येते? शंका रास्त आहे. आपले नैयायिक सांगतात की सुखदुःख ज्याचे त्यालाच मनाने प्रत्यक्ष होते. दुसऱ्याला ते दिसत नाही. मग दुसऱ्याने जाणावे कसे? विचारल्यावाचून गती नाही. त्या निमित्ताने रोगी तोंड उघडतो, एवढाच त्या आकड्याचा उपयोग, आणि तो थोडा नाही.

दुसरी शंका आपल्या घरातली आहे, आणि मला तीच अधिक टोचते. ज्याचा पांडुरंगावर भाव आहे त्याला दुःख कसले? तो ‘मला सोसवत नाही’ म्हणाला तर त्याचा भाव कच्चा, असे आपण धरून चालतो. म्हणून माळकरी माणूस ‘माउलीची कृपा’ एवढे बोलून गप्प राहतो.

हे शास्त्राला धरून नाही. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, धनुष्य हातून निसटले, कातडी जळू लागली, अशी व्यासांनी लक्षणांची यादीच दिली आहे. भगवंत ती सारी ऐकून घेतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते रागावतात, हे दुबळेपण तुला शोभत नाही म्हणतात. त्याने काय झाले? काही झाले नाही! अर्जुन पुन्हा तेच दुःख सांगतो, शरण येतो, लढणार नाही म्हणून गप्प बसतो, आणि मग खरा उपदेश सुरू होतो. जिथे देवाचे रागावणे लागू पडले नाही, तिथे आपले ‘धीर धरा हो’ काय लागू पडणार? ताटीचे अभंगही आपण म्हणतोच. ज्ञानोबा खिन्न होऊन आत बसले तेव्हा धाकटी मुक्ताई ताटीशी उभी राहून बोलत राहिली. निघून गेली नाही.

आमच्याकडच्या एका गृहस्थांची जीभ ह्या रोगापायी अर्धी काढावी लागली. भेटावयास येणाऱ्यांना ते हात जोडून हसून दाखवीत. मुलगा म्हणे, ‘बाबा लई धीराचे हायेत, म्हाराज.’ मुलगा बाहेर गेल्यावर मी विचारले, रात्री झोप लागते का? त्यांनी पाटी ओढली आणि लिहिले, ‘मुखाने नाम येत नाही. माझं काय होईल?’ मरणाचे भय नव्हते, खर्चाचीही तितकी चिंता नव्हती. हे दुःख कोणत्या डॉक्टरला कळणार? पण आम्हालाही कुठे कळले होते! वाचिक जपाहून उपांशु आणि उपांशूहून मानस जप श्रेष्ठ, हे शास्त्रवचन मी त्यांना सांगितले. पण वचनाने डोळे सुकले नाहीत. पुढच्या एकादशीला मंडळींनी त्यांच्या हातात टाळ दिले, तेव्हा ते पुन्हा भजनात उभे राहिले.

रोग्याच्या खाटेशी बसून ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणणाऱ्यांना तर मी उठवूनच लावतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कर्करोगच झाला होता. १९६८ साली त्यांनी देह ठेवला. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. त्यांचे कोणते पाप काढणार?

विचारण्यात एक ऋणही आहे. आकडा लिहून घेतला, कागद बासनात बांधला, आणि पुढे कोणी फिरकले नाही, तर न विचारलेले बरे. झाकलेली जखम उघडावयाची आणि तशीच टाकून जावयाचे, हे क्रौर्य आहे. ज्याने विचारले त्याने ऐकावयास बसले पाहिजे, आणि आपल्याने होण्यासारखे नसेल तर ज्याच्याने होईल त्याला आणून बसविले पाहिजे. पैशाचे असेल तर समाजसेवक, झोप उडाली असेल तर मनाचा डॉक्टर, नामाचे असेल तर आपण.

शिवाय चारचौघांत विचारून उपयोग नाही. ज्या मुलाने वावर गहाण टाकून बापाला नागपुरास नेले, तो मुलगा शेजारी उभा असता बाप ‘बरा आहो’ असेच म्हणणार. तेव्हा भजनी मंडळातल्या एकाने सोबत जावे, आणि परिचारिका तो कागद घेऊन आली की मुलाला चहाच्या निमित्ताने घटकाभर बाहेर न्यावे.