इतिहास की कॉम्प्युटर?

दोघी बोलताहेत. एक आत्या, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी. दुसरी तिची भाची, कराडजवळच्या गावातली, नुकतीच बारावी सायन्स झालेली. सीईटीत पर्सेंटाइल चांगला आहे, इंजिनियरिंग प्रवेशाच्या कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायची मुदत परवा संपतेय, आणि मुलगी म्हणतेय की मला इतिहासात बीए करायचंय. दोघी कल्पनेतल्या आहेत. वाद मात्र दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या घरात होतोच, आणि मला त्यात दोन्हीकडून भांडावंसं वाटतं, म्हणून असा लिहिला.

भाची: सगळे म्हणतात, तुझा कल बघ. बघितला. इतिहास.

आत्या: कसा कळला?

भाची: आमच्या देवळामागं वीरगळ आहेत, तुला माहितेयत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला अप्सरा घेऊन चालल्यात, सगळ्यात वर तो पिंडीपुढं हात जोडून बसलाय आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. गावात त्यांना शेंदूर फासतात, पुढं कोणी बघत नाही. पण एका दगडावर खाली गाई कोरल्यात, शेजारच्यावर नाहीत. म्हणजे एक जण गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला. मग दुसरा कशात मेला? हा प्रश्न अकरावीपासून माझ्या डोक्यात आहे. इंटिग्रेशनचं एकही गणित असं माझ्या मागं लागलेलं नाही.

आत्या: याला तू कल म्हणतेस? मी याला प्रश्न म्हणेन. कल म्हणजे तू कशासाठी जन्मलीस ते आधीच ठरलंय, फक्त शोधून काढायचं बाकी आहे. सरकारनं 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. हेतू चांगलाच होता. पण त्यामागं समजूत अशी, की पंधराव्या वर्षी मुलाच्या आत काहीतरी घडून तयार बसलेलं असतं. मला या समजुतीची धास्ती वाटते. अमक्यानं अमकंच करावं, ते त्याच्या रक्तात आहे, असं आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगून झालंय. तेव्हा त्याला स्वधर्म म्हणायचे.

भाची: तेव्हा दुसरे सांगत होते. इथं मी माझं मला सांगतेय.

आत्या: गावात वीरगळ होते म्हणून इतिहास. शेजारी कोणाकडं दुर्बीण असती तर खगोलशास्त्र म्हणाली असतीस.

भाची: असेना. मराठी घरात जन्मले हाही योगायोगच. म्हणून मराठी माझी नाही का?

आत्या: हे बिनतोड आहे. पुढं चल.

भाची: पुढं बाबा. बाबा म्हणतात, स्कोप बघ.

आत्या: दादाचं चुकत नाही. एसटीत पगार रखडले की घरात काय होतं ते त्यानं भोगलंय. पण स्कोप बघ म्हणणाऱ्याला दहा वर्षांनी काय होणार ते दिसत असतं, यावर माझा विश्वास नाही. आपल्याच जिल्ह्यात बघ. एके काळी बारावीनंतर डीएडला नंबर लागावा म्हणून पोरी रात्ररात्र अभ्यास करायच्या. डीएड म्हणजे दोन वर्षांत नोकरी. लग्नाच्या बाजारातसुद्धा डीएडला भाव होता. मग गल्लोगल्ली कॉलेजं निघाली, शिक्षकभरती थांबली, 2013 पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि ज्या वर्गात प्रवेशासाठी वशिले लागायचे तिथले बाक रिकामे पडले. सगळ्यांना एकाच वेळी दिसलेला स्कोप त्या गर्दीतच संपतो. आज सगळ्यांना कॉम्प हवंय.

भाची: म्हणजे आवड खरी नाही, स्कोपही खरा नाही. मग ठरवायचं कशावर? चिठ्ठ्या टाकू?

आत्या: तुझ्या वर्गातली मुलं काय म्हणतात?

भाची: आधी इंजिनियरिंग कर, मग काय हवं ते कर. बीएवाल्याला इंजिनियरिंगचं दार बंद, पण इंजिनियर उद्या इतिहासात एमए करू शकतो. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो म्हणे. सगळी दारं उघडी राहतात.

आत्या: दारं उघडी राहतील. त्यातून आत जाणारी तूच असशील का, हा प्रश्न आहे. एल. ए. पॉल नावाच्या तत्त्वज्ञ बाई आहेत, अमेरिकेतल्या. 2014 च्या पुस्तकात त्यांनी एक गमतीदार कोडं घातलंय. समज, तुला व्हॅम्पायर व्हायची संधी आलीय. रक्तपिपासू, अमर, एकदा झालीस की परत माणूस होता येत नाही. तुझे जे मित्र आधीच झालेत ते सगळे म्हणतात, ये, इथं फार छान आहे. त्यांचं ऐकायचं का? ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच छान वाटतंय. पण छान वाटणारे ते आता व्हॅम्पायर आहेत.

भाची: म्हणूनच सगळे इंजिनियर सांगतात, इंजिनियर हो!

आत्या: पस्तावलेलेही पुष्कळ भेटतात, तेवढं धरून चाल. पण मुद्दा तोच. चार वर्षांनी तू पुण्यात एखाद्या कंपनीत असशील, पगार येत असेल, आणि गाई कोरलेला दगड कोणता हे तुला आठवणारही नाही. तुला काही खुपत नसेल. सुखात असशील.

भाची: मग त्यात वाईट काय?

आत्या: हाच प्रश्न मला सोडवता येत नाही. आज बघणाऱ्या तुला ते नुकसान वाटतं. त्या वेळच्या तुला वाटणार नाही. दोघींपैकी कोणाचं खरं मानायचं?

भाची: आजच्या माझं. फॉर्म मी भरतेय.

आत्या: आणि निस्तरणार ती.

भाची: उलटंही आहेच की. बीए करून तिशीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेली मी आजच्या मला शिव्या घालत असेन.

आत्या: म्हणून म्हणते, अमुक विषय घेतला म्हणजे आयुष्याचं ठरलं असं धरू नकोस. दामोदर कोसंबी घे. गोव्यातल्या कोसबेनचे, जन्म 1907 चा. हार्वर्डला शिकले, परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे. संख्याशास्त्र शिकायचं तर हाताला खरी सामग्री हवी, म्हणून त्यांनी जुनी आहत नाणी घेतली. ठसे मारलेली चांदीची नाणी. एकेक तराजूत घालायचं आणि वजन लिहायचं. कल्पना अगदी साधी: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. नाण्याच्या मागच्या बाजूला छोटे छोटे ठसे असतात, वेळोवेळी पारख झाल्याच्या खुणा. कोसंबींना दिसलं, की मागचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे झिजेवरून लावता येतं. पण मग ही नाणी पाडली कोणी? ते शोधायला जुने ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत. 1948 मध्ये त्यांनी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली आणि 1956 मध्ये भारताच्या इतिहासावरचं ते गाजलेलं पुस्तक. गणितातून इतिहासात ते असे आले.

भाची: आत्या, त्यांचे वडील कोण?

आत्या: धर्मानंद. पालीचे पंडित.

भाची: आणि हार्वर्डला पोरगं वडलांबरोबर गेलं. मग त्यांना गणितातून इतिहासात फिरणं परवडणारच. चुकलं तर सांभाळायला घर होतं. माझे बाबा कंडक्टर आहेत.

(इथं मी भाचीकडून आहे. करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत थोरांची उदाहरणं देताना त्यांच्या मागं उभं असलेलं घर सोयीनं गाळतात. आत्यानं ते गाळलं नाही, पण विचारल्याशिवाय सांगितलंही नाही.)

आत्या: बरोबर. पण मग फीचं बोल. तुला तर माफ आहे ना?

भाची: 2024 पासून आहे. ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत, कॅपमधून प्रवेश, मुलगी. शिक्षण शुल्क शून्य. होस्टेल-मेसचं बघावं लागेल. पण त्या माफीनंच घोळ केलाय. पूर्वीच्या मुली म्हणायच्या, पैसे नव्हते म्हणून इंजिनियर झाले नाही. मला तेही म्हणता येत नाही. व्यावसायिक कोर्स फुकट मिळतोय आणि तो सोडून मी बीएला जाणार. गावात काय म्हणतील?

आत्या: गावाचं राहू दे. दादा काय म्हणतो?

भाची: स्कोप बघ, एवढंच. शेवटी तुला पटेल ते कर, म्हणतात. नाही म्हणाले असते तर भांडले असते.

आत्या: हं.

भाची: तू सांग ना, त्यांचं ऋण मोजायचं की नाही?

आत्या: मोजायचं. ज्याला ते दिसत नाही त्याच्या स्वातंत्र्याला मी फार किंमत देत नाही. पण ते तुझं ऋण आहे, दादाचं येणं नाही. फेडायचं कसं ते तू ठरवायचं. नाहीतर मुलगी इंजिनियर झाली की हिशेब मिटला, असं दोघंही धरून बसाल, आणि ते दोघांनाही महागात पडेल.

भाची: म्हणजे बीए कर म्हणतेस.

आत्या: मी काहीच म्हणत नाही. एक काम सांगते. दोन्हीकडचे दुसऱ्या वर्षाचे जुने पेपर काढ. पहिल्या वर्षाचे नकोत, तिथं अजून नव्याची नवलाई असते. आणि जाहिरातीतला कोर्सही नको, तिथं कोडिंग म्हणजे अ‍ॅप बनवणं आणि इतिहास म्हणजे गड चढणं असतं. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्समध्ये ट्री कागदावर काढून फिरवत बसावं लागतं. इतिहासात महसुलाच्या पद्धती, जमिनीचे प्रकार, कोणत्या इतिहासकाराचं कोणाशी का पटत नाही. तुझे वीरगळ तिथं कदाचित अर्ध्या पानात उरकतील. त्यातला कोणता कंटाळा तुला सोसवतो ते बघ.

भाची: आवडीचं विचारलं तर तू कंटाळ्याचं सांगतेस.

आत्या: आवडीबद्दल तू अठराव्या वर्षी जे बोलशील ते अंदाजानं. कंटाळा आज बसल्या जागी तपासता येतो.

भाची: मला दोन्ही सोसवले तर?

आत्या: मग दादाचं ऋण आणि पगार जमेला धर आणि कॉम्प भर. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

भाची: आणि ट्री सोसवलं नाही, महसूल सोसवला तर?

आत्या: तर बीए. पण फुकट मिळतंय ते सोडायचं कारण वीरगळ आवडतात हे नको. शिवकाळातल्या सारावसुलीचं पान रात्री दहा वाजता वाचवलं, हे कारण मी दादाला सांगू शकेन.

भाची: तू सांगणार? मी नाही?

आत्या: तूच सांग. मी शेजारी बसेन. आणि त्यानं विचारलं की पुढं काय, तर नेट-सेट, पुरातत्त्व खातं, शाळा, जे खरंच ठाऊक असेल तेवढंच सांगायचं. कोसंबी नको.

भाची: कोसंबी तूच काढलेस.